तिळगुळाबरोबर वाटलेला फॉन्ट

काना ठेव ताठ बाळा, वेलांटी दे वळून;
शिरोरेषेच्या छपराखाली सारे बसा मिळून.

मित्रांनो, हा आवाज मी फार पूर्वी ऐकला. तेव्हा मला धड आकारही नव्हता. एक म्हातारा माणूस कॉम्प्युटरसमोर बसून एकेक अक्षर काढत होता आणि स्वतःशीच हे गुणगुणत होता. मला वाटलं, तो माझ्यासाठी गातोय. नंतर कळलं की ते गाणं त्याच्या मुलाचं होतं. त्या मुलाच्या हातात पहिली पाटी दिली, तेव्हा रचलेलं.

मी एक फॉन्ट आहे, आता जुना झालेला. माझ्यासारख्यांचं काम संपलं. आज तुम्ही फोनवर बोट ठेवता आणि मराठी उमटते. माझ्या वेळी असं नव्हतं. कॉम्प्युटरला तेव्हा आपली अक्षरं ठाऊकच नव्हती. त्याच्याकडे फक्त इंग्रजीच्या खुर्च्या होत्या. त्या खुर्च्यांवर क, ख, ग यांना बसवायचं, असं आमचं चालायचं. मी हजर असलो की वाचणाऱ्याला मराठी दिसे. मी पोचलोच नाही, तर नुसत्या रिकाम्या खुर्च्या दिसत, म्हणजे वेड्यावाकड्या खुणा. छप्पर उडालेल्या घरासारखं पान.

ही गोष्ट मी पोचलो नाही, त्याची आहे. ती आठवली की अजून माझ्या मात्रा थरथरतात.

मला घडवलं श्रीधर सरांनी. उज्जैनच्या एका शाळेत ते चित्रकला आणि हस्ताक्षर शिकवत. शाळेच्या फाटकाशी एक फळा होता. त्यावर रोज सकाळी ते दोन ओळी लिहीत, आणि रस्त्याने जाणारे लोक सायकलीवरून पाय टेकून त्या वाचत. माधव नगरात त्यांचं घर. घरी सुमनताई, मुलगी जयू आणि मुलगा केदार.

केदारला अमेरिकेत नोकरी लागली, एका औषधांच्या कारखान्यात. सर म्हणाले, इथे काय कमी आहे? शब्दाला शब्द लागला. केदार बोलून गेला, "बाबा, तुमच्या खडूला आता कोण विचारतं? अक्षरं आता मशीन काढतं."

सत्त्याण्णवच्या जुलैत केदार मुंबईच्या गाडीत बसला. सुमनताई आणि जयू डब्याच्या खिडकीशी उभ्या होत्या. सर घरातून निघून गेले होते. कुठे, ते कुणालाच माहीत नव्हतं. संध्याकाळी परतले, हातपाय धुतले आणि पोळी मागितली. त्या दिवसाबद्दल त्या घरात पुन्हा कुणी बोललं नाही.

दुसऱ्या महिन्यात ते जयूला म्हणाले, "तुझ्या ऑफिसातलं ते मशीन अक्षरं काढतं म्हणे. मला शिकव."

जयू फ्रीगंजमधल्या एका छोट्या कंपनीत होती. ही कंपनी हॉटेलांची, दुकानांची पानं बनवून इंटरनेटवर ठेवायची. तिथला एक जुना कॉम्प्युटर तिने घरी आणला. वयाच्या साठीत सर माउस धरायला शिकले. सुरुवातीला तो खडूसारखा उभा धरायचे. सुमनताई हसायच्या. सव्वा वर्ष लागलं. एका 'ष'साठी त्यांनी अकरा दिवस घालवले. आणि ते काम चालू असताना त्यांच्या डाव्या डोळ्यातला उजेड विझला. काचबिंदू. आधी कुणाला कळलंच नाही, त्यांनाही नाही. ते फक्त मला अधिकाधिक जवळून बघू लागले. त्यांचा श्वास काचेवर उमटायचा, आणि मला उगाच धास्ती वाटायची.

मी तयार झालो. मग सरांनी इंटरनेटवर एक पान सुरू केलं, 'माधवनगरची पाटी'. दर शनिवारी त्यावर चार-सहा ओळी. जगाला वाटे, निवृत्त मास्तरांचा विरंगुळा आहे. पण मित्रांनो, त्यातली प्रत्येक ओळ एकाच माणसासाठी होती. "मागच्या दारच्या पेरूला यंदा तीनच पेरू आले. दोन पोपटांनी नेले. एक ठेवलाय." कुणासाठी ठेवलाय, ते कधी लिहीत नसत.

त्या पानाबरोबर मलाही फ्रीगंजच्या सर्व्हरवर ठेवलं होतं. सर्व्हर म्हणजे जिथे पानं राहायला असतात तो कॉम्प्युटर. कुणी दूरवरून पान मागितलं की सर्व्हर पान पाठवतो, आणि पाठोपाठ मला. आम्हा फॉन्टांचं एक बरं असतं, आम्ही एकाच वेळी दहा ठिकाणी असू शकतो.

पण सरांची माया तेवढ्यावर भागेना. नव्व्याण्णवच्या संक्रांतीला त्यांनी पिशवीत तिळगुळाचा डबा घेतला आणि मला भरलेल्या फ्लॉप्यांची चळत. माधव नगर, फ्रीगंज, ओळखीची दोन ऑफिसं, जिथे जिथे कॉम्प्युटर होता तिथे गेले. आधी तिळगूळ हातावर, मग फ्लॉपी मशीनमध्ये. मला स्वतःच्या हाताने बसवून देत आणि म्हणत, "गोड बोला, गोड वाचा."

शेजारच्या तात्यांनाही एक फ्लॉपी दिली.

"सर, माझ्याकडे कॉम्प्युटर नाही."

"असू द्या हो. पुढेमागे घ्याल."

"अन् तोवर?"

"तोवर जपून ठेवा."

तात्यांनी जपून ठेवली. चहाच्या कपाखाली.

सगळं गाव 'पाटी' वाचू लागलं. भाजी घेताना लोक सरांना थांबवत, "सर, अक्षर कसं मोत्यासारखं दिसतं हो!" सर खूष. मीही खूष. आणि या खुषीतच चूक झाली. गावात ज्यांच्याकडे पान उघडत होतं, त्यांच्या मशीनमध्ये मी आधीच तिळगुळाबरोबर जाऊन बसलेलो होतो. सर्व्हरने मला पाठवायची त्यांना गरजच नव्हती. ज्यांच्याकडे मी नव्हतो, त्यांना काय दिसतं, हे बघायला कुणी गेलंच नाही.

मला मात्र दिसत होतं.

दर रविवारी सकाळी न्यू जर्सीतल्या एका खोलीत केदार पान मागायचा. मी धावत जायचो. त्याच्या कॉम्प्युटरच्या दाराशी ब्राउझर उभा असायचा, म्हणजे पान उघडून दाखवणारा. तो माझ्या गळ्यातली चिठ्ठी वाचायचा आणि मला ढकलून द्यायचा. दाराच्या फटीतून मला केदार दिसे. सरांसारखंच कपाळ. समोर नुसत्या खुणांचा कचरा. तो पुढे वाके, डोळे बारीक करी, पान खालपर्यंत नेई, परत वर आणी. मी ओरडायचो, "मी इथे आहे रे! तुझ्या बापाचा हात आहे मी!" फॉन्टाला आवाज नसतो, मित्रांनो.

मग तो घरी फोन करायचा. सुमनताई विचारायच्या, "बाबांची पाटी बघतोस ना?"

"हो आई. बघतो ना."

सर तेव्हा व्हरांड्यात असायचे. हातात पेपर उलटा असला तरी त्यांना कळत नसे.

दसरा झाला आणि इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की काचबिंदू उजव्या डोळ्यातही उतरलाय, ऑपरेशन करावं लागेल. नोव्हेंबरातला शेवटचा बुधवार. नजर राहील, नाहीतर जाईल. त्यांनी खोटा धीर दिला नाही.

घरी आल्यावर सुमनताईंनी फोनला हात लावला. सर म्हणाले, "फोनवर कोणी काही सांगायचं नाही."

"अहो, पोराला कळायला नको?"

"पाटीवर लिहितो. वाचतो म्हणतो ना? मग वाचेल. वाचून यावंसं वाटलं तर येईल. बोलावून आणलेला नको मला."

त्या शनिवारी ते माझ्यापुढे तासभर बसून होते. लिहिलं, "येत्या चोवीस तारखेला, बुधवारी, इंदूरला डोळ्याचं ऑपरेशन आहे. उरलेल्या डोळ्याचं." त्याखाली लिहिलं, "त्या दिवशी स्टेशनवर". आणि थांबले. मग एकेक अक्षर मागून पुसलं. पुन्हा लिहिलं, "त्या दिवशी स्टेशनवर". पुन्हा पुसलं. चार वेळा त्यांनी मला तिथवर नेलं आणि परत आणलं. पुढे काय होतं, ते मलाही कळलं नाही.

रविवारी केदारचा फोन आला. थंडी फार पडलीय म्हणाला. नवीन कोट घेतला म्हणाला. ऑपरेशनचं एक अक्षर नाही. सुमनताईंनी फोन ठेवला आणि पदर तोंडाशी धरला.

"काही म्हणाला?" व्हरांड्यातून आवाज आला.

"थंडी आहे म्हणाला."

सरांनी पेपरची घडी घातली. नीट, शिरोरेषेसारखी सरळ. पुढच्या शनिवारी पाटी कोरीच राहिली.

मला सर्वांत जास्त भीती त्या कोऱ्या शनिवारी वाटली. ज्याने मला घडवलं तो आंधळा होणार, आणि होण्याआधी त्याला वाटत राहणार की मुलाने वाचून पाठ फिरवली. खरं काय ते जगात फक्त मला ठाऊक होतं, आणि मला सांगता येत नव्हतं.

ऑपरेशनच्या आधीच्या गुरुवारी शेवटच्या तपासणीसाठी जयू त्यांना इंदूरला घेऊन गेली. रिपोर्टला दोन तास होते. दवाखान्यासमोर एक सायबर कॅफे होता. दोघं सावलीला म्हणून आत बसले.

सर म्हणाले, "जयू, पाटी उघड. एकदा बघून घेतो. पुढच्या आठवड्यात दिसेल न दिसेल."

तिने उघडली. मी धावलो. तिथेही तोच ब्राउझर. चिठ्ठी वाचली आणि ढकललं.

सर स्क्रीनला नाक लावून बघत राहिले. मग मागे सरले.

"जयू," ते फार हळू म्हणाले, "झालं वाटतं."

"काय झालं बाबा?"

"डोळा गेला. बुधवारपर्यंतही थांबला नाही. मला माझंच अक्षर वाचता येत नाहीये. नुसतं काहीतरी वळवळतंय."

जयू स्क्रीनकडे बघत होती.

"बाबा, डोळा ठीक आहे तुमचा."

"धीर देऊ नकोस मला."

"धीर नाही देत. मलाही वाचता येत नाहीये."

सरांच्या चेहऱ्यावर आधी सुटका आली. ती पापणी लवेपर्यंत टिकली. मग तिच्या जागी दुसरंच काही आलं.

"म्हणजे केदारलासुद्धा...?"

"वाटतंय तसंच."

"इतके महिने?"

जयूने मान हलवली.

कॅफेवाला मागून डोकावला. "अंकल, फॉन्ट नहीं आ रहा है. आपके सर्वर की तरफ गड़बड़ है."

बसमध्ये सर एकदाच बोलले. "तो वाचतो म्हणाला होता गं."

"तुम्ही तरी खरं काय ते कधी लिहिलंत, बाबा?" जयू म्हणाली. मग तिलाच वाईट वाटलं आणि तिने त्यांचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जयू सर्व्हर सांभाळणाऱ्या अनिलसमोर उभी राहिली. अनिल गरम कचोरी खात होता.

"माझ्याकडे तर एकदम झकास दिसतंय भिया," माळव्यात सगळ्यांनाच भिया म्हणतात तसं तो म्हणाला. "हे बघ."

"दिसणारच. संक्रांतीला तिळगूळ खाल्लास ना?"

"खाल्ला. दोन."

"आणि फ्लॉपी?"

अनिलने जीभ चावली.

"काढून टाक फॉन्ट तुझ्या मशीनमधून."

"सरांनी स्वतः बसवलाय..."

"अनिल, काढ."

मित्रांनो, त्याने मला पुसलं. एका घरातून मी नाहीसा झालो. एवढी वर्षं झाली, तरी ती थंडगार पोकळी विसरलो नाही. पण पुसल्यावरच त्याच्या पडद्यावर छप्पर उडालेलं पान दिसलं, आणि त्याची कचोरी हातातच राहिली.

मग त्याने सर्व्हरची नोंदवही उघडली. कोण काय मागतो, काय पाठवलं, सगळं तिथे लिहिलेलं असतं.

"फॉन्ट जातोय की बरोबर. प्रत्येक वेळी गेलाय. हे बघ, पूर्ण गेलाय."

"मग दिसत का नाही?"

अनिलने अजून खोदलं. सर्व्हर प्रत्येक फाइलच्या गळ्यात एक चिठ्ठी घालतो. हे चित्र आहे, हे गाणं आहे, असं. कुठल्या फाइलला कुठली चिठ्ठी, याची त्याच्याकडे यादी असते. माझ्या जातीचं नावच त्या यादीत नव्हतं. ज्याला ओळखत नाही त्याला तो 'साधा मजकूर' म्हणून पाठवून देई. आणि दाराशी उभा ब्राउझर म्हणे, मजकूर आहेस ना? मग फॉन्टच्या जागी कशाला आलास? चल, नीघ.

मी वाटेत कधी हरवलो नव्हतो. माझी ओळखच चुकीची करून दिली जात होती.

"एक ओळ टाकायचीय यादीत," अनिल म्हणाला. "की अशा फाइलला फॉन्ट म्हणूनच पाठव. बस. पण मग सर्व्हर बंद करून परत चालू करावा लागेल."

"कर ना."

"अगं, याच मशीनवर सहा हॉटेलं आहेत, एक साडीवाला आहे, दोन ज्योतिषी आहेत. उठलंच नाही तर साहेब माझी चटणी करतील."

"ज्योतिष्यांना आधी कळायला हवं होतं मग."

अनिल हसला, पण घाम पुसून. ओळ लिहिली. सर्व्हर बंद केला. पंखा थांबला, दिवे विझले. मी अंधारात होतो. केवढा वेळ, कुणास ठाऊक. मग परत घरघर सुरू झाली.

अनिलने पान उघडलं. कचरा! तोच कचरा.

जयूने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "बुधवारला पाच दिवस आहेत, अनिल."

"थांब, थांब. याने जुनी प्रत धरून ठेवली असेल." त्याने ब्राउझरची साठवण साफ केली आणि पुन्हा मागितलं.

मी गेलो. गळ्यात नवी चिठ्ठी. ब्राउझरने वाचली. बाजूला झाला. आणि अनिलच्या पडद्यावर शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत गेली, जसं कुणी भर पावसात छप्पर घालावं.

संध्याकाळी सातला जयूने फ्रीगंजच्या एसटीडी बूथवरून आधी घरी कळवलं की पाटी नीट झाली, आता केदारला सांगते; मग त्याला फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"काय झालं जयू? बाबा बरे आहेत?"

"पाटी उघड. पहिल्या पानापासून वाच."

"अगं, ती मला..."

"माहितीये. तरी उघड."

आणि ती घराकडे धावली.

मित्रांनो, इथे थोडं थांबून एक मागतो. तुम्ही कुणासाठी मायेने काही लिहिलंत, काही केलंत, तर ते आपल्याच खिडकीतून पाहून समाधान मानू नका. एकदा त्याच्या खिडकीत जाऊन बघून या. आपल्याला छान दिसतं म्हणून त्यालाही दिसत असेल, या समजुतीने दहा महिने खाल्ले. आणि ज्याला वाचता आलं नाही, त्याने तसं सांगावं. न सांगितलेली गोष्ट समोरच्याला नकारासारखी ऐकू येते.

न्यू जर्सीत दार उघडलं आणि मी आत गेलो. केदारने पहिलं पान वाचलं, पेरूचं. मग दुसरं. मी त्याच्या डोळ्यांसमोर होतो, इतक्या जवळ की त्याचा श्वास काचेवर उमटला. शेवटच्या पानावर आला. 'उरलेल्या डोळ्याचं' इथे त्याचं बोट थांबलं. तो उठून फोनकडे धावला.

फोन एंगेज.

पुन्हा लावला. एंगेज.

कारण माधव नगरात सर कॉम्प्युटरसमोर पाटी उघडून बसले होते, आणि तेव्हा इंटरनेट फोनच्याच तारेतून यायचं. सुमनताई मागे उभ्या होत्या.

"अहो, बंद करा ते. पोराचा फोन यायचा असेल."

"नाही. उघडी राहू दे. इथे बंद केली तर तिकडेही बंद होईल."

"असं कुठे असतं?"

"तुला काय माहीत? तो वाचतोय आत्ता. मध्येच बंद झाली तर?"

त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. लहान मुलाने शिडी धरावी तशी, वर कुणीतरी चढलेलं असताना. तेवढ्यात जयू आत आली. तिने सरळ तार उपसली. सर ओरडणार तोच फोन वाजला.

त्यांनी उचलला. कानाला लावला.

"बाबा."

नुसती खरखर.

"बाबा, मी दर रविवारी उघडत होतो. वाचता यायचं नाही. सांगायची भीती वाटली. वाटलं, म्हणाल, दोन वर्षांत मराठीही विसरला. खडूवरून मी बोललो होतो ना, तेच परत काढाल."

सरांनी घसा साफ केला. "वेलांटी कशी दिसतेय तिकडे? तुटत तर नाही?"

"नाही बाबा. छान वळलीय."

"आणि ष?"

"ष तर..." केदारने वाक्य तिथेच सोडलं. "मी येतोय. मंगळवारी पोचेन. बुधवारी आधी मला बघायचं, मग आत जायचं."

सरांचं बोट टेबलावरच्या कीबोर्डकडे गेलं, पुसायच्या कळीवर. मला ती सवय ठाऊक होती. पण फोनला पुसायची कळ नसते.

"त्या दिवशी स्टेशनवर," ते म्हणाले, आणि थांबले.

इथवर मी चार वेळा आलो होतो.

"त्या दिवशी स्टेशनवर मी आलो होतो रे. वरती पुलावर उभा होतो. गाडी दिसेनाशी झाली, तरी उभा होतो."